तोबीयाची खोली

बंधुभगिनींनो, पाळकसाहेबांनी 'दान आणि औदार्य' हा विषय जाहीर केला, तेव्हा मागच्या दोन बाकांवरची माणसं जरा सावरून बसली. मला हसू आलं, कारण मीही तसाच बसत आलो आहे. या विषयावर कोणी बोलायला उभं राहिलं की आता आपल्या खिशाकडे बोट जाणार, हे ठरलेलं. आणि वचनही ठरलेलं, जुन्या करारातल्या मलाखी संदेष्ट्याचं, अध्याय 3, ओवी 10. 'दशमांश (म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग) भांडारात आणा.' त्याच्या आधीच्या ओळींत देवाला लुबाडल्याचा आरोप आहे, तोही जोडीला येतो.

मी काही वर्षं एका मंडळीचा खजिनदार होतो. प्रवचन करणं हे माझं काम नाही, त्यामुळे आज मलाखीपासून निघू, पण त्याच्या शेजारच्या घरात जाऊ. ते घर नहेम्याचं, पारसाच्या राजाने यहूदावर नेमलेल्या आणि यरुशलेमेचा तट पुन्हा बांधणाऱ्या अधिकाऱ्याचं. दोघांचा काळ साधारण एकच, इसवी सनापूर्वीचं पाचवं शतक. लोक दशमांश आणत नाहीत, ही तक्रारही एकच. लेवींना, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशातल्या लोकांना, त्यांचा वाटा मिळेना, तेव्हा ते आणि गायक आपापल्या शेतावर निघून गेले, असं नहेम्या 13 मध्ये लिहिलेलं आहे. मंदिरात गायला माणूस नाही. एवढं वाचलं की मलाखीचा राग पटतो.

पण त्याच अध्यायाच्या सुरुवातीला एक खोली आहे. मंदिराच्या आवारातली मोठी खोली. धान्य, द्राक्षारस, तेल यांचा दशमांश, धूप, पात्रं, सगळं तिथे ठेवायचं. म्हणजे मलाखी म्हणतो ते भांडार ते हेच. या खोल्या एल्याशीब याजकाच्या ताब्यात होत्या. नहेम्या इसवी सनापूर्वी 433 च्या सुमारास राजाकडे परत गेला होता, आणि तेवढ्या काळात एल्याशीबाने ही खोली तोबीयाला राहायला देऊन टाकली. तोबीया कोण? यरुशलेमेच्या तटाचं काम चालू असताना 'कोल्हा चढला तरी यांची भिंत ढासळेल' असं म्हणून खिल्ली उडवणारा तो. पण याजकाशी सोयरीक! नहेम्या परत आला, त्याने हे पाहिलं आणि तोबीयाचं सगळं सामान बाहेर फेकून दिलं. खोली शुद्ध करवून घेतली. मग अधिकाऱ्यांना जाब विचारला. त्यानंतर यहूदाचे लोक धान्य-तेलाचा दशमांश घेऊन आले, आणि नहेम्याने भांडारावर माणसं नेमली. शलेम्या याजक, सादोक शास्त्री, पदाया लेवी आणि हाताखाली हानान. का नेमली तेही लिहिलं आहे, कारण हे लोक विश्वासू गणले जात.

आता सांगा, मलाखी आपण किती वेळा ऐकला, आणि तोबीयाची खोली किती वेळा?

लोक का देत नव्हते? कंजूष होते म्हणून, हे एक उत्तर झालं. पण ज्या भांडारात धान्य नेऊन टाकायचं, तिथे याजकाच्या सोयऱ्याच्या खाटा आणि भांडी मांडलेली असतील, तर डोक्यावर पोतं घेऊन निघालेला माणूस अर्ध्या वाटेतून मागे फिरला, यात मला फार नवल वाटत नाही. शास्त्र त्याला माफ करत नाही, हे खरं. पण दोष वाटताना शास्त्र दोन्हीकडे बघतं. आपण एकीकडेच बघायला शिकलो.

दशमांशाबद्दल जाता जाता एक गोष्ट. एक दशांश म्हटलं की आपल्याला सरळ दहा टक्के दिसतात. गणना 18 मध्ये तो लेवींचा आहे. पण अनुवाद 14 उघडा. तिथे दशमांश घेऊन परमेश्वराने निवडलेल्या ठिकाणी जायचं, आणि तो तिथे घरच्यांसोबत बसून खायचा! वाट लांब असेल तर विकून पैसे गाठीला बांधायचे आणि तिकडे पोहोचल्यावर मन मागेल ते विकत घ्यायचं. लेवीला विसरायचं नाही, एवढी अट. आणि दर तिसऱ्या वर्षी तो आपल्याच गावात ठेवायचा. लेवी, परदेशी, अनाथ, विधवा यांनी पोटभर खावं म्हणून. मग ख्रिस्ती माणसाला दहा टक्के बंधनकारक आहेत का? यावर चांगली अभ्यासू माणसं वर्षानुवर्षं भांडत आली आहेत, मी त्यात पडत नाही. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रांत आकडा सांगत नाही, एवढं मला दिसतं. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला काढून ठेवावं, असं तो सांगतो. मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत किंवा भरीला पडून देऊ नये, असंही. संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो, ही ओवी आपल्या दानाच्या पाकिटांवर छापलेली असते. ती तिथलीच.

आणि तो पैसा कशासाठी होता? यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी. समुद्रापलीकडच्या, कधी तोंडही न पाहिलेल्या माणसांसाठी. मासेदोनियाच्या मंडळ्या स्वतः कमालीच्या दारिद्र्यात होत्या, तरी आम्हालाही यात वाटा घेऊ द्या, म्हणून त्याच पौलाच्या मागे लागल्या. नव्या करारात देण्यावरचं सर्वांत सविस्तर लिखाण हे, दुसरं करिंथ, अध्याय 8 आणि 9. त्यात छताचा खर्च नाही, रंगरंगोटी नाही. छत गळलं तर दुरुस्त करायलाच हवं, त्याचं बिल मीही दिलं आहे. पण मंडळीच्या वार्षिक पत्रकात 'बाहेरच्यांसाठी' असा रकाना आहे का, आणि असला तर त्यात काय आहे, हे मी आधी बघतो. सवयच लागली आहे.

ते दोन अध्याय वाचताना मधल्या भागावरून आपली नजर घसरते. पौल ही रक्कम एकट्याच्या हाती ठेवत नाही. तीत या आपल्या सहकाऱ्याबरोबर आणखी दोघं बंधू येताहेत, असं कळवतो, आणि त्यातला एक तर मंडळ्यांनी निवडून दिलेला. कारणही स्पष्ट सांगतो, एवढ्या मोठ्या रकमेच्या कामी आमच्यावर कोणी ठपका ठेवू नये. प्रभूच्या दृष्टीने योग्य ते तर करायचंच, माणसांच्या दृष्टीनेही योग्य ते करायचं. प्रेषित पौल! त्याला वाटलं नाही की आपल्यावर विश्वास ठेवायलाच हवा.

आमच्याकडे दानाची थैली मोजायला दोन माणसं बसत. दुसरे राजे 12 मध्ये हेच आहे. योआश राजाच्या काळात मंदिराच्या डागडुजीचा पैसा येत राहिला, पण तेवीस वर्षं उलटली तरी याजकांनी भेगा बुजवल्या नव्हत्या. मग यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, झाकणाला भोक पाडलं आणि ती वेदीजवळ ठेवली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक, दोघं मिळून पैसे मोजत आणि पिशव्यांत बांधत. (कारागिरांना पैसे देणाऱ्यांकडून मात्र हिशेब मागत नसत, कारण ते सचोटीने वागत, असं त्याच अध्यायात आहे. खजिनदार मंडळी ही ओवी फार आवडीने उद्धृत करतात. मीही करून पाहिली आहे.)

उपासना संपली की मागच्या खोलीत थैली टेबलावर उलटी करायची. आधी नाणी, मग नोटा. दर रविवारी एक नोट असायची, घडीवर घडी घालून नखाएवढी केलेली. उघडायला वेळ लागायचा. कोणाची, हे मला कळलं नाही, आणि कळून घ्यायचंही नव्हतं. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, हे तिथे दिसायचं. पण ही ओवी हिशेब झाकण्यासाठी वापरताना मी ऐकली आहे, तेव्हा माझं डोकं तापतं. गुप्तता देणाऱ्याने पाळायची. जो मोजतो, त्याला ती सवलत नाही.

एका वार्षिक सभेत मी पत्रक वाचून खाली बसलो. एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, विधवा निधीत किती शिल्लक आहे? माझ्याजवळ आकडा नव्हता. तो निधी आम्ही सर्वसाधारण खात्यात मिसळला होता. वाईट हेतूने नव्हे, सोयीसाठी. मी म्हणालो, "आजी, विश्वास ठेवा."

"विश्वास देवावर आहे, बाळा. तू आकडा सांग."

सभेत हशा पिकला. मला त्या रात्री झोप आली नाही. तीन आठवडे जुनी व्हाउचरं काढून मी दोन्ही पैसे वेगळे केले, आणि कळलं की विधवांचा काही पैसा विजेच्या बिलात गेला होता. मंडळीपुढे उभं राहून ते सांगावं लागलं. वडीलमंडळींतल्या एकाने आधी सुचवून पाहिलं, की पुढच्या वर्षी हळूच भरून काढू. आम्ही तसं केलं नाही.

मार्क 12 मधली विधवा सगळ्यांना माहीत आहे, दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी नाणी, टाकणारी. तिच्यावरची प्रवचनं ओवी 41 ला सुरू होतात. ओवी 40 मध्ये येशू शास्त्र्यांबद्दल काय म्हणतो? ते विधवांची घरं गिळून टाकतात. लगेच पुढे ही बाई येते आणि आपली सगळी उपजीविका त्या भांडारात टाकते. आणि अध्याय 13 उघडला, की या मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही. येशू तिचं देणं सर्वांत मोठं म्हणतो, त्यात तसूभरही फरक पडत नाही. पण तो भांडारासमोर बसून होता. ते पैसे ज्यांच्या हाती जाणार होते, त्यांना त्याने नुकतंच काय म्हटलं, तेही त्याच जागी लिहिलेलं आहे.

तुमच्या खजिनदारांनी सकाळी मला विचारलं, "भाऊ, आमचं पत्रक जरा बघता का, अवघड असं काही नाही ना त्यात?" मी बघितलं. नीट आहे. पान दोनवर एक आकडा आहे, तो मला समजला नाही, त्यांनाही लगेच सांगता आला नाही. प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. चहाच्या आधी एकेक घ्या, पान दोन उघडा आणि त्यांना विचारा. ते थांबणार आहेत, मीही आहे.