पस्तिसावा माणूस

श्रोते हो, नमस्कार.

वसईच्या पश्चिम पट्ट्यात राहणाऱ्या आम्हा ख्रिस्ती मंडळींची एक गंमत आहे. रविवारची सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आटोपून चर्चच्या पायऱ्यांवर उभे राहिले, की हवा स्वच्छ असेल त्या दिवशी पूर्वेला तुंगारेश्वराची आणि कामणदुर्गाची रांग स्पष्ट दिसते. मात्र आमचे सारे आयुष्य वाडीत, समुद्राच्या वाऱ्यात आणि चर्चगेटच्या लोकलमध्ये जाते, आणि रेल्वेचे रूळ ओलांडून त्या डोंगरावर पाऊल ठेवलेला माणूस धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या समाजात, शोधावा लागतो. निदान बारा वर्षांपूर्वी तरी शोधावा लागत होता. चर्चमध्ये डोंगरभटक्यांचा गट कसा सुरू करावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे, आणि या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार इतकाच, की असा गट सुरू करताना करता येण्याजोग्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

पहिला प्रश्न नेहमी एकच येतो. चर्चचे काम प्रार्थनेचे आणि सेवेचे. त्यात डोंगर कशाला? मला या प्रश्नाचे नवल वाटते. दहा आज्ञा मिळाल्या त्या सिनाय डोंगरावर, प्रभू येशूने कोण धन्य हे सांगणारे धन्यवादांचे प्रवचन दिले ते डोंगरावर, त्याचे तेजस्वी रूपांतर झाले तेही उंच डोंगरावर, आणि डोंगरांकडे दृष्टी लावणारे 121 वे स्तोत्र तर आपण अंत्यविधीच्या वेळी म्हणतोच. पोप अकरावे पायस हे पोप होण्यापूर्वी मिलानच्या ग्रंथालयात काम करणारे अकिले रात्ती नावाचे धर्मगुरू होते, आणि 1889 मध्ये त्यांनी आल्प्समधल्या मोंते रोझाची अवघड पूर्व बाजू चढताना एक रात्र बर्फातल्या अरुंद कातळावर काढली होती. पुढे 1923 मध्ये त्यांनीच मेंथॉनच्या संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. पोप दुसरे जॉन पॉल तरुण धर्मगुरू असताना पोलंडमधील विद्यार्थ्यांना घेऊन डोंगरांत आणि नद्यांवर जात. साम्यवादी राजवटीत धर्मगुरूंना तरुणांचे असे गट चालवण्यास मनाई होती, म्हणून ते साध्या कपड्यांत असत आणि मुले त्यांना ‘काका’ अशी हाक मारत. होडी उलटी घालून तिचीच वेदी केल्याचे त्यांचे छायाचित्रही प्रसिद्ध आहे. आणि तुरीनचा तरुण गिर्यारोहक पिएर जॉर्जो फ्रासाती, जो 1925 मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी वारला, तो 7 सप्टेंबर 2025 रोजी संत म्हणून जाहीर झाला. तेव्हा डोंगर कशाला, असे पुन्हा कोणी विचारले तर त्याला ही नावे ऐकवावीत आणि पुढच्या कामाला लागावे.

पुढचे काम म्हणजे माणसे जमवणे, आणि ते चर्चमध्ये फार सोपे आहे. इतके सोपे की तेच धोक्याचे ठरते. शहरातल्या एखाद्या गिर्यारोहण संस्थेला सभासद मिळवायला वर्षे लागतात. आपल्याकडे मिस्सेनंतर एक घोषणा झाली की संध्याकाळपर्यंत यादी भरते. आमची पहिली घोषणा झाली तेव्हा चौतीस नावे आली. त्यांत वेदीसेवक मुले होती, गायनमंडळ जवळजवळ संपूर्ण होते, नुकतेच लग्न झालेले एक जोडपे होते, आमचे तरुण सहायक धर्मगुरू होते आणि एकसष्ट वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, ज्यांना सारा गाव मावशी म्हणतो. मावशींच्या पिशवीत दीड किलो सुकेळी होती. येथे थोडे विषयांतर करून सांगतो, की राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली आपली सुकेळी हे डोंगरावर नेण्याचे सर्वोत्तम खाणे आहे. ती हलकी असते, टिकते आणि थकलेल्या माणसाला लगेच उभी करते. तरीही आजची मुले चकचकीत वेष्टनातल्या परदेशी वड्या विकत घेतात आणि ती वेष्टने कारवीत टाकून येतात, याचे मला फार वाईट वाटते.

आता कामणदुर्गावरच्या आमच्या त्या पहिल्या फेरीविषयी सांगतो. जानेवारीतला शनिवार होता. शनिवार मुद्दाम निवडला होता, कारण रविवारी गेले की मिस्सा चुकते आणि मग फादरांनाही अवघड होते. कामणदुर्गाची उंची साडेसहाशे मीटरांच्या आसपास आहे. आकडा ऐकून कोणी घाबरत नाही, पण समुद्रसपाटीवरून निघणाऱ्या माणसाला त्यातला जवळजवळ प्रत्येक मीटर पायांनी चढावा लागतो. चर्चच्या फाटकापाशी मी मोजणी केली, चौतीस. पायथ्याच्या देवकुंडीत बसमधून उतरल्यावर केली, चौतीस. माथ्यावर पाण्याच्या टाक्यांपाशी जेवायला बसलो तेव्हाही चौतीस. मी स्वतःवर अतिशय खूश होतो.

नेता म्हणजे सर्वांच्या पुढे चालणारा, अशी माझी तेव्हा समजूत होती. उतरताना मी पुढे, माझ्यामागे गायनमंडळ गात, त्यांच्यामागे इतर, आणि मावशी कुठेतरी शेवटी, असा आमचा तांडा निघाला. कामणच्या रानात गुरांच्या वाटा इतक्या आहेत की प्रत्येक वळणावर दोन फाटे फुटतात, आणि ज्या फाट्यावरून गुरे जास्त जातात तो फाटा माणसांच्या वाटेपेक्षा रुंद दिसतो. मी रुंद फाटा घेतला. अर्धा तास उतरल्यावर वाट ओढ्यात शिरली, ओढ्यात मोठमोठे धोंडे लागले, आणि सूर्य समोरच्या सोंडेआड गेला. जानेवारीत आपल्याकडे साडेसहाच्या आत सूर्य मावळतो आणि झाडीत त्याच्याही आधी अंधार पडतो, ही गोष्ट दिनदर्शिकेत वाचलेली असली तरी डोंगरात ती पहिल्यांदाच कळते. मी सर्वांना थांबवले आणि मोजणी केली.

मोजणी पस्तीस आली.

मी पुन्हा मोजले. पस्तीस. माझी चूक होत असेल असे समजून फादरांनी प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून मोजले, आणि तरीही पस्तीसच. गायनमंडळातल्या एकाने सुचवले की सकाळची मोजणीच चुकली असावी. दुसरा म्हणाला, कमी आले असते तर काळजीचे होते, जास्त आले तर बिघडले कुठे? नव्या नवरीने मात्र हळूच क्रूसाची खूण केली. एव्हाना इतका अंधार झाला होता की पाच पावलांपलीकडचा चेहरा ओळखू येत नव्हता, आणि आपल्यात एक अनोळखी माणूस आहे हे कळल्यावर जो तो आपल्या शेजाऱ्याकडे निरखून पाहू लागला.

तेव्हा मागून मावशींचा आवाज आला. “अरे, तू या बाबांना धरून मोजलंस की सोडून?”

मावशींच्या शेजारी, त्यांची सुकेळीची पिशवी खांद्याला अडकवून, कमरेला कोयता लावलेले एक साठीचे गृहस्थ उभे होते. ते खालच्या पाड्यावरचे होते आणि सरपणासाठी वर आले होते. आम्ही चुकीचा फाटा घेतला तेव्हा ते जवळच होते आणि त्यांनी दोन हाका मारल्या होत्या. पण पुढे गाणे चालले होते, आणि गाणाऱ्या माणसांना हाक ऐकू येत नाही. ती हाक फक्त मावशींनी ऐकली, कारण मावशी आमच्या बऱ्याच मागे होत्या. त्यांनी आम्हाला ओरडून सांगण्याचा प्रयत्न केला, तोही आमच्यापर्यंत पोचला नाही. तेव्हापासून ते बाबा मावशींच्या बरोबर आमच्या मागे उतरत होते.

मी त्यांना विचारले, “बाबा, तुम्ही झपाझप पुढे येऊन आम्हाला अडवले का नाही?”

ते म्हणाले, “मग या बाईंजवळ कोण थांबणार होतं? तुमच्यातलं तर कोणीच नव्हतं. पुढं कडा आहे, तिथं तुम्ही थांबणारच होता.”

श्रोते हो, त्या वाक्यानंतर ओढ्यात काही वेळ कोणीच बोलले नाही. कडा खरोखरच होता. आमच्यापासून दोनशे पावलांवर, पावसाळ्यात जेथून पाणी कोसळते ती कोरडी धार होती, आणि मी अंधारात ‘अजून थोडे उतरून पाहू’ असे म्हणण्याच्या अगदी बेतात होतो. बाबांनी आम्हाला त्याच ओढ्यातून काही अंतर परत वर नेले, एका आडव्या वाटेने सोंड ओलांडून दिली, आणि आठच्या सुमारास आम्ही त्यांच्या पाड्यावर पोचलो. चौतीस माणसांकडे मिळून चार विजेऱ्या होत्या. पाड्यावर आम्हाला कोरा चहा मिळाला, आणि मावशींनी उरलेली सुकेळी तेथल्या मुलांना वाटून टाकली.

पुढच्या रविवारी फादरांनी प्रवचनात हा प्रसंग सांगितला. शंभर मेंढरांतले एक हरवले तर मेंढपाळाने काय करावे हे प्रभूने सांगून ठेवले आहे, पण एक वाढले तर काय करावे हे आम्हाला कामणच्या ओढ्यात उमगले, असे ते म्हणाले. सगळे चर्च हसले. मी दुसऱ्या बाकावर बसलो होतो आणि मला हसता आले नाही.

आमच्या गटाचा पहिला नियम त्या रात्री ठरला, आणि आपण कागद-पेन घेऊन बसला असाल तर एवढे जरूर लिहून घ्या. सर्वांत अनुभवी माणूस सर्वांत शेवटी चालतो. पुन्हा सांगतो, सर्वांत अनुभवी माणूस शेवटी चालतो, पुढे नव्हे. पुढे चालणाऱ्याला फक्त वाट माहीत असावी लागते, आणि ती माहीत असलेला माणूस पायथ्याच्या गावात मिळतो. त्याला मानाने बोलवावे, दिवसाची मजुरी आधी ठरवावी आणि ती हातात द्यावी. प्रत्येक फाट्यावर पुढच्याने थांबावे, आणि शेवटचा माणूस दिसल्याशिवाय कोणीही हलू नये. चाल सर्वांत सावकाश चालणाऱ्याची धरावी. चर्चच्या गटात सात वर्षांचे मूल आणि सत्तर वर्षांची आजी एकाच वेळी असू शकते, हे आपले वैशिष्ट्य आहे. शहरातल्या गटांसारखी वयाची चाळणी लावायची असेल तर मग चर्चचा गट काढण्यात अर्थ काय?

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो, कारण घड्याळ पुढे सरकते आहे. माणशी तीन लिटर पाणी आणि माणशी एक विजेरी. दहा माणसांमागे एक जबाबदार माणूस. परत फिरण्याची वेळ निघण्यापूर्वीच ठरवावी, आणि ती झाली की शिखर शंभर पावलांवर असले तरी मागे वळावे. आपल्या समाजात परिचारिका पुष्कळ आहेत. त्यांपैकी एक तरी प्रथमोपचाराची पेटी घेऊन बरोबर असावी. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची लेखी संमती घ्यावी, मुली असतील तेथे जबाबदार स्त्रिया असाव्यात, आणि धर्मगुरू असो वा शिक्षक, कोणत्याही एका प्रौढाने एकट्या मुलाला घेऊन वेगळे जाऊ नये. हा नियम अविश्वासाचा आहे असे काहींना वाटते. मला तो अत्यंत आवश्यक वाटतो, आणि तो मोडणाऱ्याला, मग तो कितीही सज्जन असो, मी पुन्हा बरोबर नेत नाही. तुंगारेश्वर हे 2003 पासून अभयारण्य आहे. तेथे वन खात्याच्या नाक्यावर नोंद करूनच आत जावे. पावसाळ्यात चिंचोटीच्या धबधब्यावर नेण्याचा आग्रह तरुण मुले हमखास धरतात. तेथे दरवर्षी माणसे बुडतात आणि प्रशासन बंदी घालते, तेव्हा त्यांना स्पष्ट नाही म्हणावे आणि त्या महिन्यांत वसईच्या किल्ल्याची तटबंदी पायी फिरून दाखवावी.

एका गोष्टीचा मात्र मी कधीच आग्रह धरत नाही, ती म्हणजे गटाचे नाव छापलेले एकसारखे सदरे. पहिल्या वर्षी जमलेली वर्गणी सदऱ्यांवर खर्च करणारे गट मी पाहिले आहेत. तिसऱ्या वर्षी सदरे उरतात आणि गट नसतो. त्या पैशात दोर येतो, विजेऱ्या येतात आणि प्रत्येकाच्या गळ्यात एक शिट्टी येते.

शिट्टीवरून आठवले. त्या रात्री पाड्यावरून निघताना आम्ही बाबांना पैसे देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. त्यांची नजर फादरांच्या गळ्यातल्या शिट्टीवर होती. फादरांनी ती काढून त्यांच्या हातात ठेवली. त्यानंतर आमच्या कामणच्या प्रत्येक फेरीला वाटाड्या म्हणून तेच येत आले आहेत, ठरलेली मजुरी घेऊन, आणि आता त्यांचा नातूही येतो. ती शिट्टी ते शेळ्या गोळा करायला वापरतात. म्हणून आमच्या नव्या सभासदांना आम्ही पहिल्याच दिवशी बजावतो, की मिनिटाला सहा वेळा शिट्टी वाजली, मग मिनिटभर शांतता पसरली आणि पुन्हा सहा वेळा वाजली, तर कोणीतरी संकटात आहे असे समजून तीन शिट्ट्यांनी उत्तर द्यावे. पण संध्याकाळी पाचच्या सुमारास नुसतीच एक लांब शिट्टी ऐकू आली, तर धावत सुटू नये, शेळ्या घरी निघाल्या आहेत.

नमस्कार.