हिरडीवर ठेवलेलं बोट

(दृश्य : दवाखान्यातलं स्टीलचं टेबल. त्यावर आडवा पडलेला कुत्रा. फक्त श्वासाचा आवाज.)

वीसेक किलोचा गावठी कुत्रा. अर्ध्या तासापूर्वी मोटारसायकलनं उडवलाय. कुशीवर थोडं खरचटलंय, बाकी रक्ताचा थेंब नाही. घेऊन आलेले काका म्हणतात, "डॉक्टर, लागलं नाहीये फारसं. घाबरलाय, म्हणून गप्प आहे."

डॉक्टरांनी त्याचा ओठ वर उचललाय. बोटानं हिरडी दाबली, सोडली. दाबलेली जागा पांढरी होते आणि निरोगी कुत्र्यात एक-दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होते. इथं तीन सेकंद गेले. आणि हिरडी मुळातच फिकी आहे.

हात मांडीच्या आत जातो. नाडी लागते, पण दोऱ्यासारखी बारीक, मिनिटाला १७०. खाली मागच्या पंजावरची नाडी मात्र बोटांना सापडतच नाही. पंजे गार. ताप मोजला तर ३७.१, एरवी ३८ ते ३९.२ अंश असायला हवा.

(दृश्य : रक्तदाबाच्या मशीनचा पडदा. आकडा १०४.)

हा आकडा बघून कुणालाही हायसं वाटेल. इथंच घात होतो, कारण हा कुत्रा शॉकमध्ये आहे. शॉक म्हणजे भीतीनं बसलेला धक्का नव्हे; पेशींना पुरेल इतका प्राणवायू रक्तातून न पोचणं म्हणजे शॉक. अशा वेळी शरीर पायांच्या, कातडीच्या, आतड्यांच्या रक्तवाहिन्या आवळतं आणि उरलेलं रक्त मेंदू-हृदयाकडे वळवतं. म्हणून सुरुवातीला रक्तदाब टिकून राहतो. तो ९० च्या खाली घसरेपर्यंत हातातला मोलाचा वेळ निघून गेलेला असतो. हिरडी आणि पंजे त्याच्या कितीतरी आधी सांगत असतात.

रक्ताची तपासणीही आधी चकवते. कुत्र्याची प्लीहा संकटात आकसते आणि साठवलेल्या लाल पेशी रक्तात सोडते. लाल पेशींचं प्रमाण ठीक दिसतं, प्रथिनं मात्र कमी भरतात. हा फरक दिसला की रक्त आतल्या आत जातंय का, हे बघावंच लागतं. प्राणवायू कमी पडला की पेशींतून रक्तात वाढणारं लॅक्टेट ५, अडीचच्या आत हवं होतं.

सोनोग्राफीचा प्रोब पोटावर टेकतो. यकृताजवळ काळा पट्टा, म्हणजे साचलेला द्रव. सुईनं ओढलं, तर रक्त, आणि ते गोठत नाही; म्हणजे सुई रक्तवाहिनीत गेलेली नाही, हे पोटात साचलेलंच रक्त. वीस किलोच्या कुत्र्यात सारं मिळून पावणेदोन लिटर रक्त. त्यातलं किती पोटात साचलंय, ते बाहेरून कसं कळावं?

प्रत्येक रुग्ण असाच दिसत नाही. रक्तात जंतुसंसर्ग पसरलेल्या कुत्र्याची हिरडी सुरुवातीला विटेसारखी लाल असू शकते, दाबलेला रंग सेकंदाच्या आत परततो आणि बघणारा फसतो. मांजराची तर रीतच वेगळी. शॉकमध्ये त्याचे ठोके वाढण्याऐवजी बऱ्याचदा मंदावतात, १६० च्याही खाली येतात आणि अंग गार पडतं. कुत्र्याचा हिशेब मांजराला लावला, तर ते हातचं जातं.

(दृश्य : पायाला लावलेली सुई. सलाईनची बाटली.)

सलाईन लावण्याआधी डॉक्टरांनी छाती नीट ऐकलीय. हृदयच थकलं असेल, तर हेच सलाईन फुप्फुसात पाणी भरेल. इथं तसं नाही. किलोमागे १५ मिलि, म्हणजे ३०० मिलि, पंधरा मिनिटांत. सगळं एकदम ओतायचं नाही. थोडं द्यायचं, पुन्हा तपासायचं. रक्तस्राव होत असताना दाब फार वर नेला, तर धरलेली गुठळी सुटू शकते.

पंधरा मिनिटं झाली. बोट परत हिरडीवर. दोन सेकंद. ठोके १४०. पंजावरची नाडी आता बोटाखाली हलकीशी उडतेय.

"घरी नेऊ का?" काका विचारतात.

"आज नाही, काका. रात्रभर इथंच राहू दे." डॉक्टर पोटाचा घेर टेपनं मोजतात, कातडीवर पेनानं खूण करतात आणि वेळ लिहून ठेवतात. अर्ध्या तासानं पुन्हा मोजायचाय.