०.६ मिलिमीटरचा हट्ट

मंडळी, एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे या डीव्हीडीनंतर आलेल्या, जास्त बारकाव्याच्या चित्रपटांसाठीच्या दोन प्रतिस्पर्धी डिस्क. एचडी डीव्हीडीचा विषय निघाला की गाडी ब्लू-रेबरोबरच्या लढाईकडे वळते. ती लढाई बाजूला ठेवू. एचडी डीव्हीडीच्या बाजूच्या तोशिबाने १९ फेब्रुवारी २००८ रोजी माघार जाहीर केली आणि ती मिटली. आज बघायचंय ते ०.६ मिलिमीटर. लेसर शिरतो ती बाजू आणि माहितीचा थर यांच्यामध्ये एवढं प्लास्टिक असतं, डीव्हीडीतही आणि एचडी डीव्हीडीतही. ब्लू-रेमध्ये ते फक्त ०.१.

लेसरचा ठिपका किती बारीक होणार, हे एका भागाकारावर ठरतं: तरंगलांबी भागिले भिंगाचं न्यूमेरिकल अपर्चर (भिंग प्रकाश किती रुंद कोनातून एकवटतं त्याचं माप). डीव्हीडीत ६५० नॅनोमीटर भागिले ०.६, म्हणजे सुमारे १०८३. एचडी डीव्हीडीत निळा-जांभळा लेसर ४०५ चा आणि भिंग ०.६५ चं; उत्तर ६२३. ठिपक्याचं क्षेत्रफळ एक तृतीयांशावर आलं. डीव्हीडीच्या ४.७ जीबीला तीनने गुणा, चौदाच्या आसपास येतं. प्रत्यक्षात एका थरावर १५ जीबी बसतात. ब्लू-रेचं भिंग ०.८५ चं. तिथे हाच हिशेब पाचपटीचा, म्हणून २५ जीबी.

मग सगळ्यांनीच ०.८५ का नाही घेतलं? डिस्क जराशी तिरकी झाली की ठिपक्याला धूमकेतूसारखी शेपटी फुटते. हा दोष अपर्चरच्या घनाने वाढतो आणि प्लास्टिकच्या जाडीच्या पटीत. ०.६५ वरून ०.८५ वर गेलात की तो सव्वादोन पट. म्हणून ब्लू-रेला प्लास्टिक पातळ करावं लागलं, त्यावर ओरखडे पडू नयेत म्हणून कठीण लेप द्यावा लागला आणि कारखान्यात नवी यंत्रं आली. एचडी डीव्हीडीने जाडी सोडली नाही. ०.६ च्या दोन चकत्या चिकटवायच्या, डीव्हीडीसारख्याच. जुन्या यंत्रांत थोडा फेरफार केला की भागतं. एका बाजूला डीव्हीडी आणि दुसऱ्या बाजूला एचडी अशी जोड-डिस्कही त्यामुळेच जमली. किंमत मोजली ती जागेत: दोन थरांत ३० जीबी, समोर ब्लू-रेचे ५०. व्हीसी-१ आणि एव्हीसी या चित्र दाबून साठवण्याच्या पद्धतींनी ती तूट बरीच झाकली.

आता प्लेअर. तोशिबाचा एचडी-ए१ एप्रिल २००६ मध्ये अमेरिकेत ४९९ डॉलरला आला. झाकण उघडलं तर आत चक्क संगणक: २.५ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४, १ जीबी मेमरी आणि लिनक्स. सगळं काम एकट्याने उरकणारी स्वस्त चिप तेव्हा तयार नव्हती. म्हणून बटण दाबल्यावर मिनिटभर नुसतं बसायचं.

या प्लेअरची खरी मेख आउटपुटमध्ये आहे. डिस्कवर चित्रपट १०८०पी, म्हणजे १०८० ओळींची पूर्ण चित्रं (फ्रेम), सेकंदाला २४. टीव्हीकडे जाणाऱ्या एचडीएमआय वायरमधून निघतं जास्तीत जास्त १०८०आय, सेकंदाला ६० फील्ड; फील्ड म्हणजे एकाआड एक ओळी घेतलेली अर्धी फ्रेम. त्यासाठी एका फ्रेमचे ३ फील्ड, पुढच्या फ्रेमचे २, पुन्हा ३, पुन्हा २ असं वाटप होतं. टीव्हीने ही ३-२ ची लय ओळखली तर मूळ फ्रेम जशाच्या तशा परत जुळतात. नाही ओळखली आणि प्रत्येक फील्ड स्वतंत्र ताणलं, तर ५४० ओळींचंच चित्र दिसतं आणि बारीक आडव्या रेषा थरथरतात. लोक दोष डिस्कला देतात. टीव्हीत ‘फिल्म मोड’ असेल तर आधी तो चालू करा.

आवाजातही अशीच गफलत होते. डिस्कवरचा ट्रूएचडी आवाज (दर्जा न घटवता दाबलेला) हा प्लेअर आतच उलगडतो आणि एचडीएमआयवर पीसीएम, म्हणजे न दाबलेला आवाज, पाठवतो. म्हणून स्पीकर चालवणाऱ्या रिसीव्हरवर ‘ट्रूएचडी’ अक्षरं उमटत नाहीत, त्यात बिघाड काही नाही. ऑप्टिकल वायर लावलीत तर मात्र तोच आवाज डीटीएस या दुसऱ्या पद्धतीने पुन्हा दाबला जातो.

डिस्क अडकते तेव्हा ती कुठे अडकते ते बघा. दोन थरांच्या डिस्कवर बहुधा पहिला थर आतून बाहेर वाचला जातो आणि दुसरा बाहेरून आत. म्हणजे चित्रपटाचा मध्य डिस्कच्या बाहेरच्या कडेला येतो, नेमका जिथे बोटं लागतात. मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा. गोल फिरवून पुसू नका. माहितीच्या गोल फिरणाऱ्या मागाला समांतर उठलेला ओरखडा सलग माहिती खातो, आडव्या ओरखड्याचं नुकसान चूकदुरुस्ती भरून काढते. पुसूनही त्याच जागी अडकते? मग तीच डिस्क दुसऱ्या प्लेअरमध्ये घाला. तिथेही तेच झालं तर बिघाड डिस्कमध्येच आहे, ओरखडा दिसत नसेल तर बहुधा चिकटवलेल्या जोडात किंवा आतल्या परावर्तक थरात, आणि प्लेअरचं भिंग बदलून काही फरक पडणार नाही.