बेरिअम विषारी, मग एक्स-रेच्या आधी ते पाजतात कसं?

नमस्कार! ही परीक्षानळी नीट बघा. आत बेरिअम क्लोराइडचं द्रावण आहे, एकदम नितळ. विषारी आहे, म्हणून हातमोजे. आता ड्रॉपरने सोडियम सल्फेट सोडते... पडला थेंब, आणि झालं पांढरंफटक! हा अवक्षेप, म्हणजे न विरघळता वेगळा झालेला घन पदार्थ, बेरिअम सल्फेटचा.

हे होणार, हे आधीच सांगता येतं. नळीत आयन, म्हणजे विद्युत प्रभार असलेले कण, चार: बेरिअम, क्लोराइड, सोडियम आणि सल्फेट. त्यांच्या जोड्या बदलून बघायच्या. सोडियमला क्लोराइड मिळालं तर ते मीठच, विरघळलेलंच राहणार. सोडियम, पोटॅशियम, अमोनियम किंवा नायट्रेट दिसलं की बिनधास्त 'विरघळतं' म्हणा. एवढं पक्कं केलंत तरी बरेच प्रश्न सुटतात. क्लोराइडं विरघळतात, पण चांदी आणि शिशाची नाहीत. सल्फेटंही विरघळतात, बेरिअम, स्ट्रॉन्शिअम आणि शिसं अडतं. कार्बोनेट, फॉस्फेटचं उलट: बहुतेक तळाशीच बसतात.

पण का? स्फटिकात आयनांनी एकमेकांना धरलेलं असतं आणि पाणी त्यांना सोडवायला बघतं. बेरिअम आणि सल्फेट, दोघांवर दुहेरी प्रभार, त्यामुळे पकड घट्ट. मात्र नुसता प्रभार बघून निकाल देऊ नका. मॅग्नेशिअम सल्फेटमध्येही प्रभार तेवढाच, तरी ते सहज विरघळतं. मॅग्नेशिअमचा आयन लहान, पाण्याचे रेणू त्याला फार जोरात वेढतात. म्हणून हे नियम मुळात प्रयोगांतून आलेत, ते पाठ करावेच लागतात.

आता बेरिअमकडे येऊ. एक लिटर पाण्यात मीठ विरघळतं जवळपास 360 ग्रॅम. बेरिअम सल्फेट? जेमतेम अडीच मिलिग्रॅम! म्हणूनच पोटाच्या एक्स-रेआधी रुग्णाला ते पाजता येतं. अन्ननलिका, जठर फोटोत स्पष्ट उमटतं आणि बेरिअम रक्तात न जाता तसंच बाहेर पडतं.

मग बेरिअम कार्बोनेट का नको? तेही पाण्यात विरघळत नाहीच की! पण जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते कार्बोनेट फोडतं, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि विरघळणारं बेरिअम क्लोराइड तयार होतं. बेरिअम कार्बोनेट उंदीर मारायला वापरायचे, ते याच कारणाने. सल्फेटवर मात्र या आम्लाचा काही परिणाम होत नाही.

प्रॅक्टिकलला अनोळखी क्षाराच्या द्रावणात बेरिअम क्लोराइड घातल्यावर पांढरा अवक्षेप आला, की लगेच 'सल्फेट' लिहून मोकळे होऊ नका. आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घाला. बुडबुडे येऊन अवक्षेप नाहीसा झाला तर कार्बोनेट धरा. तसाच राहिला, तर सल्फेट लिहा.