सत्तावीस आले, सत्तावीस बाद

१२ जून १८८०, शनिवार. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं वूस्टर शहर.

डावखुरा ली रिचमंड मैदानात उतरतोय, पण आदल्या रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागलेला नाही. ब्राउन विद्यापीठात पदवीदान तोंडावर आलेलं. रात्रभर वर्गमित्रांचा जल्लोष, उजाडता उजाडता त्यांच्यातच बेसबॉलचा सामना आणि मग प्रॉव्हिडन्सहून आगगाडीने थेट इथे. कॉलेजात तो विद्यार्थी. वूस्टरच्या बेसबॉल संघात मात्र पगारी पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा.

तेव्हा पिचर उभा राहायचा फलंदाजापासून ४५ फुटांवर, आणि हात कमरेच्या खाली ठेवूनच चेंडू फेकायचा. क्षेत्ररक्षकांपैकी बहुतेकांचे हात उघडेच.

समोर क्लीव्हलंडचा संघ. नऊ डाव, प्रत्येक डावात तीन बळी. पाचव्या डावात बिल फिलिप्सने उजवीकडे खणखणीत फटका मारला आणि तो पहिल्या बेसकडे, म्हणजे फलंदाजाने पळत गाठायच्या पहिल्या टप्प्याकडे, सुटला. उजव्या बाजूच्या क्षेत्ररक्षकाने, राइट फिल्डर लॉन नाइटने, धावत येऊन चेंडू उचलला, तसाच पहिल्या बेसवर फेकला. फिलिप्स बाद! त्या दिवशीच्या विक्रमात नाइटचा वाटा रिचमंडइतकाच मानायला हवा. ती फेक जरा उशिरा पोचली असती, तर आज ही गोष्ट सांगायचं कारणच उरलं नसतं.

मध्ये पावसाने खेळ थांबवला. पुन्हा सुरू झाला, तरी काही बदललं नाही. क्लीव्हलंडचे २७ फलंदाज आले, २७ परतले. एकही पहिल्या बेसवर पोचला नाही. वूस्टर १–० ने जिंकलं, तीही धाव क्लीव्हलंडच्या क्षेत्ररक्षणातल्या चुकीने मिळालेली. मोठ्या लीगमधला हा पहिला परफेक्ट गेम, म्हणजे समोरच्या एकालाही बेसवर पोचू न दिलेला सामना. पाचच दिवसांनी प्रॉव्हिडन्सच्या जॉन माँटगोमेरी वॉर्डने दुसरा टाकला. त्यानंतर नॅशनल लीगला, म्हणजे हे संघ खेळत त्या स्पर्धेला, तिसऱ्यासाठी १९६४ पर्यंत थांबावं लागलं.

पण त्या हंगामात रिचमंडकडून काय काम करून घेतलं, तेही पाहा. ७४ सामने, ५९० डाव! आज कुठलाही प्रशिक्षक एका माणसाच्या खांद्यावर एवढा भार टाकणार नाही. त्याच्या नावावर ३२ विजय, ३२ पराभव. १८८२ मध्ये १४ विजय, ३३ पराभव. त्याच वर्षानंतर वूस्टरचा संघ लीगमधून बाहेर पडला. पुढच्या हंगामात प्रॉव्हिडन्सने त्याला बहुतेक वेळ आऊटफिल्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात, क्षेत्ररक्षणालाच उभं केलं. १८८६ मध्ये सिनसिनाटीकडून मोजके सामने, आणि खेळ संपला. एकूण ७५ विजय, १०० पराभव.

तोवर तो डॉक्टर झाला होता. पुढे ओहायोतल्या टोलेडो शहरात शिक्षकाची नोकरी धरली आणि कित्येक दशकं शाळेतल्या मुलांना शिकवलं. १९२९ साली टोलेडोतच त्याचं निधन झालं.