कारंज्याचं लाइट बिल

नमस्कार श्रोतेहो. राज्याचं अर्थसंकल्पीय अधिवेशन जवळ आलं की कात्री कुठे लागणार याची कुजबुज सुरू होते. मेट्रोसाठी भांडणारे आहेत, पुलासाठी आहेत. तलावासाठी कोण आहे? निदान आपण ठाणेकरांनी असायला हवं. मासुंदा, उपवन, कचराळी, रायलादेवी... तीसहून जास्त तलाव आपल्या पदरात आहेत.

आता एक गोष्ट ऐका. आमच्या बाजूला एक लहान तलाव आहे. नाव नाही सांगत, उगाच कुणाच्या पोटात दुखायला नको. मे महिन्यातली सकाळ. दूध आणायला निघाले तर कठड्यापाशी ही गर्दी! वाकून पाहिलं, तर पाण्यावर चिलापी मासे पांढरी पोटं वर करून तरंगतायत. एक जण म्हणाला, विष घातलं. एका आजींनी कॉलेजच्या पोरांना शिव्या घातल्या. एक काका मोबाइलवर शूटिंग करत होते आणि मधूनच सगळ्यांना 'जरा बाजूला व्हा' म्हणत होते.

रोज गळ टाकून बसणारे एक कोळीबाबा तिथेच होते. उकिडवे बसले, ओंजळीत पाणी घेऊन वास घेतला आणि वॉचमनला म्हणाले, "कारंजं कवापासून बंद हाय?"

"शिमग्यापासून. ठेका संपला. पुढचे पैसेच आले नाहीत."

"मंग विष कशाला पायजे?"

सगळे गप्प. आता बघा, पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना जेमतेम साडेसात. त्यात सांडपाणी शिरलं की शेवाळ माजतं. ते दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री स्वतःच ओढून घेतं. म्हणून मासे पहाटे मरतात. कारंजं पाणी उडवतं ते आपल्या फोटोसाठी नव्हे, पाण्यात हवा मिसळावी म्हणून. (आणि हो, तलावात ब्रेड टाकून पुण्य कमावणाऱ्यांनो, तो ब्रेड कुजतानाही हाच प्राणवायू खातो. पुण्य दुसरीकडे कमवा.)

मी गेले कचेरीत विचारायला. उत्तर मिळालं, देखभालीच्या निधीत कपात झाली, कारंजं ही शोभेची वस्तू, म्हणून आधी तेच बंद केलं. मी म्हटलं, "अहो, पण त्याच तलावाच्या काठावर परवा रंगीत दिव्यांची अक्षरं उभी राहिली, ती रात्रभर जळतायत!" बाबू शांतपणे म्हणाले, "ताई, ते भांडवली काम. हेड वेगळं."

हेड वेगळं, म्हणजे खर्चाचं खातं वेगळं! मासे कुठल्या हेडखाली मेले, ते मात्र त्यांना सांगता आलं नाही. कोळीबाबांना हे सांगितलं, तर ते इतके हसले की गळाला लागलेला मासा सुटला.

तर श्रोतेहो, दुखणं इथे आहे. नवा घाट, नवे दिवे, फित कापणं, याला पैसा मिळतो. गाळ काढणं, सांडपाणी अडवणं, मोटार चालू ठेवणं, ही देखभाल. कात्री पहिली तिथेच. पुन्हा सांगते, कात्री देखभालीवर पडते. 

केंद्राची सरोवर संवर्धन योजना २००१ मध्ये सुरू झाली, त्यात ठाण्यातले नऊ तलाव होते. २०१३ मध्ये ती आणि पाणथळ जागांची योजना एकत्र करून नवी योजना झाली. तिथे खर्चाची वाटणी ६०:४०. केंद्राचे ६०, राज्याचे ४०. राज्यानं आपले ४० आखडते घेतले की केंद्राचे ६०ही अडकतात. म्हणजे काटकसर ४० रुपयांची आणि तलावाचे जातात शंभर.

आपले आमदार काय करू शकतात? अनुदानाच्या मागण्यांवर, म्हणजे खात्यांनी मागितलेल्या खर्चावर, सभागृहात चर्चा होते तेव्हा कपात सूचना, म्हणजे मागणीतली रक्कम कमी करा असा प्रस्ताव, मांडून खात्याला जाब विचारू शकतात. तारांकित प्रश्न टाकू शकतात, त्याचं उत्तर मंत्र्यांना सभागृहात तोंडी द्यावं लागतं. पुरवणी मागण्यांत, म्हणजे सरकार वर्षाच्या मध्येच जादा खर्च मागतं त्यात, तलावांसाठी रक्कम मागू शकतात. त्यांना पत्र लिहा, कार्यालयात नेऊन द्या, पोचपावती घ्या. 'तलाव वाचवा' एवढंच लिहू नका, त्यावर सगळेच माना डोलावतात. लिहा की तलावांच्या देखभालीचं लेखाशीर्ष (तेच ते 'हेड') कोणतं, गेल्या वर्षी त्यात तरतूद किती होती, खर्च किती झाला आणि यंदा किती ठेवली. चार प्रश्न. उत्तर लेखी मागा.

नमस्कार.