कुवेतची ठेव आणि कुवेतची कमाई

मित्रहो, आखाती अर्थकारणाचा विषय निघाला की बोलणं दुबईवर जातं. मी आज मुद्दाम कुवेत घेतलं आहे. तेलाचा पैसा उद्यासाठी बाजूला काढायचं शहाणपण या देशाला फार लवकर सुचलं, आणि तरीही सरकारी उत्पन्नातला सुमारे नव्वद टक्के वाटा आजही तेलाचाच आहे. हे असं का झालं, ते मला तुमच्यापुढे मांडायचं आहे.

तेलाआधीचं कुवेत मुंबईच्या चांगल्या ओळखीचं होतं. तिथली गलबतं शत्त अल-अरब नदीच्या काठचा खजूर घेऊन मुंबईला, मलबारला यायची आणि परतताना सागवान न्यायची. उन्हाळाभर बुड्या मारून काढलेले मोती मुंबईच्या बाजारात विकले जायचे. तिकडचा नाखुदा म्हणजे आपल्या कोळीवाड्यातला नाखवाच. पाणबुड्या त्याच्याकडून उचल घ्यायचा आणि हंगाम संपला तरी फिटायची नाही. ऊसतोडीची उचल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा हिशेब समजावून सांगायला नको. जपानचे संवर्धित मोती आले, जागतिक मंदी आली आणि हा धंदा बसला. १९३८ मध्ये बुरगानला तेल लागलं, १९४६ मध्ये पहिली निर्यात झाली. तेव्हाही तिथे चलन होतं रुपयाच. दिनार आला १९६१ मध्ये.

आता १९५३ कडे या. देश अजून ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली आहे, स्वातंत्र्याला आठ वर्षं अवकाश आहे, आणि लंडनमध्ये कुवेतचं गुंतवणूक मंडळ स्थापन होतं. पुढे १९७६ मध्ये कायदाच केला: दरवर्षी सरकारी उत्पन्नाचा दहा टक्के भाग भावी पिढ्यांच्या निधीत जाईल. अशा बाजूला काढलेल्या पैशातून डाइमलर-बेंझसारख्या कंपन्यांचे समभाग घेतले गेले. ऐंशीच्या दशकात अशी वेळ आली की परदेशी गुंतवणुकीचं उत्पन्न तेलाच्या उत्पन्नापेक्षा जास्त भरलं.

आणि मग २ ऑगस्ट १९९०. इराकी फौजा एका रात्रीत देशात शिरल्या. सरकार सौदी अरेबियातल्या ताइफला गेलं, पण तिजोरी परदेशात होती, म्हणून शाबूत राहिली. परागंदा झालेल्या नागरिकांचा खर्च तिच्यातून चालला. सहाशेहून अधिक तेलविहिरी इराकी फौजांनी जाताना पेटवून दिल्या होत्या. युद्ध आणि पुनर्बांधणी मिळून सुमारे ८५ अब्ज डॉलर या ठेवीतून गेले असं मानतात. इराकी फौजा शिरल्यानंतरच्या दिवसांत जॉर्डनच्या अम्मानमार्गे पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय विमानांनी मुंबईत उतरत होते, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

म्हणजे ठेव कामाला आली. पण ठेव वाढली म्हणून घरात कमावणारे हात वाढत नाहीत, आणि माझा आजचा सगळा मुद्दा एवढाच आहे. कुवेतने आपला पैसा जगभर विखुरला, घरची कमाई मात्र एकाच जागी राहिली. नोकरी करणाऱ्या पाच नागरिकांपैकी जवळजवळ चार सरकारी पगारावर आहेत. दुकानं, बांधकामं, दवाखाने परदेशी माणसं चालवतात. त्यांत आपले भारतीयच दहा लाखांच्या घरात. व्यक्तीला आयकर नाही. घरगुती विजेचा दर कित्येक दशकं युनिटला दोन फिल्स, म्हणजे जवळपास फुकट. परिणाम असा की तेलाच्या या देशाला २००९ पासून वीज बनवायला द्रवरूप वायू आयात करावा लागतो, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तिथे चक्क भारनियमन झालं.

याचा दोष तिथल्या संसदेला देण्याची पद्धत आहे. आखातातली ती सर्वांत प्रभावी निवडलेली सभा होती. पगारवाढ मागायची, प्रकल्प अडवायची, हे खरंच. २००८ मध्ये डाऊ केमिकल या अमेरिकी रसायन कंपनीबरोबरचा मोठा करार राजकीय विरोधापायी ऐन वेळी सोडला आणि पुढे दोन अब्ज डॉलरहून अधिक भरपाई द्यावी लागली. तरी मला हा आरोप अपुरा वाटतो. ज्या नागरिकाकडून सरकार कर घेत नाही आणि ज्याला खासगी धंद्यात जागा नाही, त्याने सरकारकडे पगाराखेरीज मागावं तरी काय? मे २०२४ मध्ये अमिरांनी संसद बरखास्त केली. त्याने निर्णय भराभर होऊ लागले, पण त्या नागरिकासाठी सरकारबाहेरचं काम कुठून येणार, हा प्रश्न जागच्या जागी आहे. अल-झूरची प्रचंड रिफायनरी सुरू झाली, पण तीही तेलाचीच. बुबियान बेटावर बंदर उभं राहतंय, त्याकडून मला अधिक आशा आहे, कारण व्यापार हा त्या माणसांचा मूळ धंदा.

मात्र दोन गोष्टी काळजीच्या. दरवर्षीचे ते दहा टक्के २०२० मध्ये कायदा बदलून थांबवले. आता शिल्लक उरेल त्याच वर्षी भरायचे. आणि २०२५ मध्ये सरकारने ३० अब्ज दिनारपर्यंत कर्ज काढायची मुभा स्वतःला दिली, मुदत पन्नास वर्षांपर्यंत. आज जन्मलेलं कुवेती मूल पन्नाशीला येईल, तेव्हा त्यातला शेवटचा हप्ता फिटेल.